होळगी बंद

बुधवार, ता. १९ फेब्रुवारी १९३६. मुक्काम मिशनचा दवाखाना

पितळी थाळीवर पळी आपटल्याचा आवाज सकाळपासून कानात आहे. तो आजचा नव्हे, वीस-एक वर्षांपूर्वीचा. खानापूरकडच्या शाळेत मी चौथीला कविता सांगत होतो. शाळेच्या मागच्या खोलीतच आमचं बिऱ्हाड होतं. पोरांनी दुसरं कडवं उचललं आणि मागून थाळी वाजली. मुलगी जन्मली तर थाळी वाजवत नाहीत म्हणतात, पण माझी थोरली बहीण अंबुबाई, म्हणजे आमची आक्का, असल्या गोष्टी कुणाला विचारून करत नाही. पोरं थांबली नाहीत. त्यांनी कडवं थाळीच्या तालावर धरलं आणि मीही त्यांना धरू दिलं. ती थाळी माझ्या लेकीची, लतिकेची.

गेल्या आठवड्यात लतिकेला मुलगी झाली, पण थाळी वाजली नाही. इथं व्हरांड्यात कार्बॉलिकचा वास आहे, आणि नर्सबायांच्या पायांत रबरी तळाचे जोडे असल्यामुळे कोणी आलेलं-गेलेलं कळत नाही.

जे झालं ते लिहून ठेवतो. निपाणीत आमच्या घरी सोमवारी कळा सुरू झाल्या. सुईण ‘आत्ता, आत्ता’ म्हणत राहिली. बुधवारी तिनं ‘आत्ता’ म्हणायचं सोडलं. तेव्हा एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं आपली मोटार दिली. इथं पोचलो तोवर लतिका ओरडायचीही थांबली होती. डॉक्टरीणबाई चांगलं मराठी बोलतात. म्हणाल्या, “पोट उघडावं लागेल. फार वेळ गेला आहे.” मी ‘बरं’ म्हणालो. याहून लांब उत्तर त्या वेळी सुचलं नाही.

गुरुवारी पहाटे मूल पोट फाडून काढलं. मूल रडलं. लतिका पुढचे दोन दिवस कोणाला ओळखत नव्हती. आता ओळखते.

शनिवार, ता. २२ फेब्रुवारी. निपाणी

काल घरी आलो. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं अजून राहावं असं होतं. पण आज अमावस्या. अमावस्येला बाळंतीण परक्या छपराखाली ठेवायची नाही, यावर आक्का हटून बसली. मोटारही कालच मिळत होती. लतिकेला आम्ही गादीसकट उचलून आत ठेवलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तिनं डोळे मिटले, तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटलं झोप लागली असावी.

निघताना कानडी नर्सबाईंनी मला दारात गाठून बजावलं. बाई फार भरभर बोलतात, शिवाय मोटार चालू होती. तरी मी नेमकं पकडलं. ‘होळगी बिडबेकु, मरीब्याड्री.’ होळगी म्हणजे पुरणपोळी. ती सोडायला हवी, विसरू नका. एवढं सांगून त्यांनी स्वतःच्या पोटावर हात आडवा फिरवून दाखवला. पोट जड होतं, असा त्याचा अर्थ. मी त्यांना कानडीतच ‘आयतु’, म्हणजे ‘बरं’, म्हणालो. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. उभा जन्म या सीमेवर काढला त्याचा एवढा तरी उपयोग.

आक्काला सांगितलं. ती म्हणाली, “बराबर हाय त्येंचं. पुरण बाळंतिणीला वायू करतंय. आता शिमगा आलाय, तुझी लेक हात पसरंल. तूच सांग तिला.”

दवाखान्यात पाळण्याच्या पाटीवर ‘बेबी’ लिहिलं होतं. आक्काला वाटतं ते ठेवलेलं नाव आहे. ती पोरीला बेबी म्हणते आणि ‘सायेबांनी फुकटात बारसं क्येलं’ म्हणून सगळ्या आळीला सांगते. खरं बारसं सदलग्याची माणसं आल्यावर. लतिकेचं सासर सदलग्याचं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं. मळा मोठा आहे.

मंगळवार, ता. २५ फेब्रुवारी

अंथरुणातून उठणं ही एवढी मोठी क्रिया असेल असं कधी मनात आलं नव्हतं. आधी लतिका गुडघे वर घेते. मग कुशीवर होते. मग कोपर, मग तळवा. तिथं थांबते. आक्का पाठीमागून हात देते. उभी राहिली तरी ती कमरेत वाकलेलीच, पदराखाली काहीतरी लपवून चालल्यासारखी. परसदारी जाऊन आली की घामानं भिजते.

खोकला आला की पोटाशी उशी धरते. आज शिंक आली ती तिनं नाक दाबून परतवली. मला हसू आलं. तिला आलं नाही. हसलं की टाके ओढतात म्हणाली.

आक्काची फार कुचंबणा होते आहे. बाळंतिणीला तेल लावून मळायची, बाजेखाली निखारे ठेवायचे, ओव्याची धुरी द्यायची, ही तिची विद्या. आता पोटाला हात लावता येत नाही. “अर्धीच बाळंतीण दिलीया माझ्या हातात,” म्हणते. पाठ, पाय तेवढे चोळते आणि पोटावर जुन्या लुगड्याचा पट्टा करकचून बांधते.

मी बाहेरच्या खोलीत जुनी क्रमिक पुस्तकं काढून बसलो होतो. चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता सापडली. आतून पोरीचं रडणं आणि कवितेची चाल काही केल्या जमेना.

शुक्रवार, ता. २८ फेब्रुवारी

आज नागोजी येऊन गेला. सदलग्याचा, लतिकेच्या सासऱ्यांच्या भावकीतला. तंबाखू घेऊन निपाणीच्या वखारीला येतो. मोठा आस्थेवाईक माणूस. ओट्यावर बसून बारीक-सारीक चौकशी केली.

“मास्तर, सूनबाई उठती का?”

“धरून उठवावी लागते.”

“पाणीबिणी?”

“छे. तांब्याही उचलायचा नाही.”

“आन् फुडं? फुडचं काय म्हणालं डाक्टर?”

‘पुढचं’ म्हणजे काय ते माझ्या ध्यानात आलं नाही. पण माणूस कळवळ्यानं विचारतो आहे, तर त्याला कोरडं उत्तर देणं जिवावर आलं. म्हणालो, “नागोजीराव, काय सांगू. कापलेल्या केळीसारखी पडली आहे पोर.”

त्यानं मान हलवली. “कापलेली केळ,” असं एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. उपमा त्याच्या मनात उतरलेली दिसली. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण उपमा ऐकून असा गंभीर झालेला माणूस विरळा.

तो गेल्यावर आक्का दारात आली. “ह्यो कशाला आलता?”

“चौकशीला.”

“जावई का आला न्हाय मग?”

जावईबापू भरमा अजून आलेले नाहीत, हे खरं. सध्या तंबाखूचा हंगाम आहे. पान तयार झालं की माणसाला सवड नसते. हे मी आक्काला समजावलं. ती म्हणाली, “लेकरू झाल्यालं बघायला हंगाम आडवा येतोय व्हय,” आणि आत गेली.

सोमवार, ता. २ मार्च

लतिकेला ताप आहे. संध्याकाळी चढतो, सकाळी उतरतो. दुधाचा ताप, असं आक्काचं मत. पोर एका बाजूनं नीट पीत नाही.

आक्कानं पट्टा सोडून जखम पाहिली. म्हणाली, कडेनं लाल झालं आहे आणि काळा दोरा आत रुतला आहे. मी विचारलं, दोऱ्याचं काही करायचं का? ती म्हणाली, “सायेबांनी घातल्याली शिवण हाय. आपुन कशाला हात लावावा? उसवलं आन् पोट उघडलं तर?” मलाही ते पटलं. शिवण विरते आपोआप.

पथ्य मात्र कडक पाळतो आहोत. कालच्या रविवारी शेजारून आलेली पोळी मी उंबऱ्यावरून परत पाठवली.

गुरुवार, ता. ५ मार्च

ताप आहेच. खोलीत धुरीच्या वासाखाली दुसरा एक वास येतो. आक्का ओवा जास्त टाकते. लतिका आज पोरीला नीट जवळ घेऊ शकली नाही. वजन पोटावर येतं म्हणाली. आक्कानं पोरीला कुशीत आडवं धरून पाजवलं.

दुपारी लतिकेनं मला हाक मारून विचारलं, “अण्णा, सदलग्याहून कोणी आलं होतं?”

“नागोजी आला होता ना.”

“त्यानंतर?”

“नाही.”

तिनं तोंड भिंतीकडे केलं. उन्हं कलली होती. भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली लेखणीनं ओढलेल्या ओळींसारखी पडली होती. मी बराच वेळ ती पाहत बसलो.

शनिवार, ता. ७ मार्च. शिमग्याची पुनव

आजचं सविस्तर लिहायला हवं.

सकाळी लतिकेचा ताप उतरला होता. आक्का चुलीपाशी पुरण वाटत होती. वेलदोड्याचा वास घरभर झाला. आतून लतिकेचा आवाज आला, “आत्या, अर्धी तरी द्या मला. कोर तरी.”

“तुझ्या बाला इच्चार. दवाखान्याचा हुकूम हाय.”

“कसला हुकूम?”

मी दारात उभा राहून नर्सबाईंचे शब्द जसेच्या तसे, त्यांच्याच हेलात म्हणून दाखवले. होळगी बिडबेकु, मरीब्याड्री.

“परत म्हणा,” लतिका म्हणाली.

मी परत म्हणालो.

“बाई बिडबेकु म्हणाल्या, की बिच्चबेकु?”

“भरभर बोलत होत्या. मोटार चालू होती.”

“आणि होळगी, की होलगी?”

“त्यात काय फरक?”

“सदलग्यात सासूबाई चोळीची शिवण काढायला बसल्या की म्हणतात, होलगी बिच्चु. टाके उसव.” तिनं उशी पोटाशी ओढली. “अण्णा, बाईंनी हात कसा केला होता?”

मी हात करून दाखवला. पोटावरून आडवा.

तेव्हा तिला हसू फुटलं. उशी दोन्ही हातांनी दाबून धरली तरी हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. मग हसण्याचा आवाज थांबला आणि पाणी तेवढं येत राहिलं. जरा वेळानं तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, “आत्या, माझ्या पोटावर दोरे आहेत अजून?”

“हायत की. काळं. जसंच्या तसं.”

“ते काढायचे होते. कधीच काढायचे होते.”

आक्का हातात लाटणं घेऊन तिथंच खाली बसली. मग म्हणाली, “म्हंजे पोळी खाल्ल्याली चालती?”

ल आणि ळ. या दोन अक्षरांवरून मी चौथीतल्या पोरांना बाकावर उभं करत असे. ‘काल’ म्हणजे काय, ‘काळ’ म्हणजे काय, वाक्यात उपयोग करा. तरी नर्सबाईंनी जरा सावकाश बोलायला हवं होतं, असं वाटतंच. मोटारही चालू होती.

लतिकेनं दोन घास पोळी खाल्ली. तूप लावून.

रविवार, ता. ८ मार्च

म्युनिसिपालिटीच्या दवाखान्याचे डॉक्टर धुळवडीच्या दिवशी घरी यायला तयार नव्हते. मी सकाळीच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो, तेव्हा आले. जखम पाहून त्यांनी पहिला प्रश्न माझ्याकडे बघत केला. “हे काढायला सांगितलं नव्हतं कोणी?”

लतिका म्हणाली, “सांगितलं होतं. आम्हाला नीट ऐकू आलं नाही.”

पाणी उकळलं. चिमटा आणि कात्री त्यात टाकली. मला बाहेर बसवलं. दार लोटलेलंच होतं. आतून लतिकेनं हाक मारली, “अण्णा, काहीतरी म्हणा.”

“काय म्हणू?”

“नदीची म्हणा. चौथीची.”

मी चालीवर सुरू केलं. पहिली दोन कडवी चांगली गेली. आतून मधूनच चिमटा ताटलीत ठेवल्याचा आवाज येई. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर मी अडलो. इतकी वर्षं शिकवलेली कविता, ओळ काही केल्या आठवेना. आतून लतिकेनं दात आवळून पुढची ओळ दिली. उच्चार स्पष्ट होते. मी तिथून पुढे घेतली.

दोन ठिकाणी पू होता. तो काढून आत औषधाची वात बसवली. रोज पट्टी बदलायची. आक्कानं डॉक्टरांना हात धुवायला पाणी घालताना विचारलं, “डाक्टरसाब, हिला फुडं लेकरू हुईल का हो?”

“का होणार नाही? दोन-तीन वर्षं जाऊ द्या. आणि मग वेळेवर दवाखान्यात न्या. सुईण नको, आणि अमावस्याही नको.”

अमावस्येचं त्यांना कोणी सांगितलं होतं, कोण जाणे.

शुक्रवार, ता. १३ मार्च

ताप नाही. लतिका जेवते. पट्टी बदलताना आता ती स्वतः मान उचलून पाहते आणि आक्काला सांगते, इथं दाबू नका, इथं पुसा. बेंबीपासून खाली सरळ रेघ आहे. आक्का म्हणते, गव्हाच्या दाण्याच्या पोटावर असते तशी. आक्कालाही उपमा सुचतात, हे मला माहीत नव्हतं.

उपमेचाच विषय निघाला म्हणून पुढचं लिहितो. आक्का सकाळी बाजारातून आली ती पिशवी न ठेवताच माझ्यापुढं उभी राहिली.

“मारुती, तू नाग्याला काय म्हणालतास?”

“काय म्हणालो?”

“केळ.”

मला आठवलं. म्हणालो, “कापलेल्या केळीसारखी पडली आहे, असं म्हणालो. नाजूकपणाची उपमा आहे ती.”

“पुस्तकात आसंल नाजूक. मळ्यात केळ कवा कापत्यात?”

मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेलो.

“घड निघाला की कापत्यात. एकदा व्याली की केळ संपली. त्ये शेतकरी हायत, त्यास्नी ह्येच कळतंय. तू तुझ्या तोंडानं सांगून पाठवलंस, लेकीला आता फुडं कायबी हुणार न्हाय म्हणून. सदलग्यात भरमाला दुसरी बघायलेत. समद्या बाजाराला ठावं हाय.”

मी जोडे घातले आणि वखारीत गेलो. नागोजी पानांच्या जुड्या मोजून घेत होता. मी त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. उपमेचा अर्थही सांगितला. तो शांतपणे ऐकत होता. तंबाखूच्या उग्र वासानं मला शिंका येत होत्या.

“मास्तर,” तो म्हणाला, “आमी तुमचाच शबुद पोचवला. आमच्या पदरचं काय न्हाय घातलं.”

“पण त्याचा अर्थ तो नव्हता.”

“आर्थ तुमी शाळंत सांगायचा. मालुबाईनं शबुद ऐकला आन् रडली बगा. म्हणाली, थोरल्या लेकाचा वंश बुडाला.” मालुबाई म्हणजे लतिकेच्या सासूबाई. “आता पाडव्यानंतर मंडळी येतील बोलायला. तवा काय सांगायचं त्ये सांगा. तवर सूनबाई हुबी तरी ऱ्हावू दे.”

घरी आलो. लतिकेला काही सांगायचं नाही, असं वाटेत ठरवलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर पोर. म्हणाली, “आत्यांचा आवाज बारीक नाही, अण्णा. मी ऐकलं सगळं.”

मी जोडे काढून कोपऱ्यात ठेवले.

“केळ कापली तरी बुडातून पिल्लं फुटतात,” ती म्हणाली. “तुम्ही मळ्यात कधी गेला नाहीत.”

गुरुवार, ता. १९ मार्च

लतिका आता भिंत धरून चालते. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकाला. वळताना थांबते. आक्का पोरीला घेऊन चुलीपाशी बसते आणि तिथून ओरडते, “सरळ हो गं. वाकून चाललीस तर जलमभर वाकडीच ऱ्हाशील. सदलग्याची दारं मोठी हायत, डोकं लागत न्हाय.”

चालताना लतिका काहीतरी पुटपुटते. मला वाटलं कविता. लहानपणी शाळेतून येताना अशीच म्हणत यायची. मी आज वहीत डोकं घालून कान दिला. कानडी होतं. ‘नन्न मनी’ एवढं दोनदा कळलं. ‘मनी’ हा शब्द आपल्या जुन्या कवितांतही फार गोड येतो. अंगाईगीत असावं, असं मी आक्काला म्हणालो.

आक्कानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “मनी म्हंजे घर. माजं घर, माजं घर म्हणायलीया ती. भांडणाची तालीम चाललीया. आन् तुला आंगाई सुचतीया.”

दोन फेऱ्यांनंतर लतिकेनं भिंतीवरचा हात काढला. चार पावलं तशीच गेली. मग पुन्हा भिंत धरली.

मंगळवार, ता. २४ मार्च. पाडवा

गुढी मी उभारली. काठी सरळ धरायला लतिका आली. काठीबरोबर तीही सरळ उभी राहिली. तोंड आंबट झालं, पण हात काढला नाही. उन्हात तिचा चेहरा पिवळा दिसतो. गळ्याची हाडं वर आली आहेत. केस मुठीनं गळतात. आक्का ते गोळा करून चुलीत टाकते, परक्या हाताला लागू नयेत म्हणून.

दुपारी तिनं पाण्याची कळशी उचलून पाहिली. अर्धी भरलेली. कमरेवर न घेता हातातच धरली आणि लगेच खाली ठेवली. मग तिथंच चौकटीला कपाळ टेकून उभी राहिली. आक्का धावली आणि तिच्यावर नाही नाही ते बोलली. लतिका म्हणाली, “आत्या, फक्त बघितलं. दुखलं की आतून ओढतं. फाटत नाही.”

नागोजीचा निरोप आला. सदलग्याची मंडळी पुढच्या आठवड्यात गुरुवारी येणार. सासरे, एक चुलते, आणि नागोजी. जावईबापूंचं नाव निरोपात नव्हतं. मी चार शब्द तयार करायला घेतले. सुरुवात ऐकणाऱ्याच्या मनाला भिडणारी हवी म्हणून एक दृष्टांत शोधत होतो.

आक्का म्हणाली, “तू एक काम करशील? त्या दिशी तू बोलू नगं.”

“मी बाप आहे तिचा.”

“म्हणूनच.”

लतिका आतून म्हणाली, “बसू देत त्यांना, आत्या. चहा झाला की अण्णांनी पुस्तक घेऊन बसावं. बोलायचं ते मी बोलेन.”

गुरुवार, ता. २ एप्रिल

सकाळपासून तयारी होती. आक्कानं ओसरी सारवली. लतिकेनं धुतलेलं लुगडं नेसलं. निऱ्या पोटावर येतात तिथं तिनं आत मऊ फडकं दुमडून घातलं. केसांचा लहानसा अंबाडा बांधला. बेबीला काजळ घातलं. मी धोतर बदललं आणि आज्ञेप्रमाणे पुस्तक घेऊन बसलो. चहाचं आधण दोनदा ठेवून दोनदा उतरवलं.

कोणी आलं नाही. उन्हं डोक्यावर आली. आक्का म्हणाली, “न्हाय येत ती. तोंड दावायला नगं म्हणून. तिकडंच उरकत्याल.” लतिका ओसरीवर फेऱ्या घालत होती, पोर खांद्याशी. भिंत धरली नव्हती. माझं पुस्तक उघडंच होतं. नदीचीच कविता, तिसरं कडवं. ओळ पुन्हा विसरायला नको म्हणून मी ती पाहत होतो.

दाराची कडी वाजली. एकदाच, हलकेच. मी उठायला गेलो. लतिका म्हणाली, “बसा अण्णा. मी बघते.”

दार उघडलं. सदलग्याचं कोणी नव्हतं. एकटीच बाई होती. चाळिशीची, हिरवं लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, पायांवर धूळ, डोक्यावर पदर ओला करून घेतलेला. काखेत लहान गाठोडं. या बाईला मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

“ह्ये मास्तरांचं घर न्हवं?”

“हो. कुठून आलात?” लतिकेनं विचारलं.

“अक्कोळास्नं. चालत.” बाईनं एकवार आत नजर टाकली. माझ्याकडे, आक्काकडे, मागच्या खोलीच्या अंधाराकडे. मग आवाज खाली केला. “मी भावकू. रागावू नगासा. माज्या लेकीला सदलग्यास्नं मागणं आलंय. बिजवराचं. पयली पोट फाडल्यापास्नं आतरुणाला खिळलीया, उठायची न्हाय म्हणून सांगत्यात. आमचं मालक व्हय म्हणून बसल्यात. मी म्हटलं, पोर दिऊन झाल्यावर इच्चारण्यापरीस आदी डोळ्यानं बघून यावं. घरात कुणाला सांगून आली न्हाय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तुमी तिच्या कोण? भन? कुठं निजवलीया तिला?”

आक्का चुलीपाशी उभी राहिली होती. मी पुस्तक मिटलं. लतिकेनं बेबीला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं आणि दाराच्या फळीला धरलेला हात सोडला.

“निजलेली नाही, मावशी,” ती म्हणाली. “तुमच्यासमोर उभी आहे. आत या.”